इन्सुलेशनचा ठेका घेताय? आधी माल देणाऱ्याशी खातं नीट उघडा

साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका छापून वाटूनही झाली होती. दसऱ्याला चेअरमन येणार, संचालक मंडळ येणार, होमहवन होणार, आणि आमच्या वाफेच्या मुख्य लाइनचा शेवटचा तुकडा अजून उघडा. पंचेचाळीस चौरस मीटर रॉकवूल (उष्णता अडवायला पाइपवर गुंडाळायची खनिज लोकर) कमी पडलं होतं, कारण मोजमाप घेताना मी व्हॉल्व्ह आणि बेंड धरलेच नव्हते. चूक सरळसरळ माझी. रविवारी रात्री नऊ वाजता पुरवठादाराला फोन लावला. शेठ जेवत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागचं पेमेंट मंगळवारी द्यायचं होतं तुम्ही. जमणार नाही म्हणून सोमवारीच फोन केलात, गुरुवार सांगितलात आणि गुरुवारी दिलंत. सकाळी गाडी लावतो."

भावात मी त्यांच्याशी किती घासाघीस केली होती, हे त्यांना आठवतही नसावं. तारीख मात्र आठवत होती. या धंद्यात पुरवठादार तुम्हाला ओळखतो तो तारखेवरून.

फिटर किंवा सुपरवायझर म्हणून काही वर्षं लॅगिंग, म्हणजे पाइपवर इन्सुलेशन चढवायचं काम केलं आणि आता स्वतःची फर्म काढायची, अशांसाठी हे लिहितोय. काम तुम्हाला येतंच. माल आणणं, ठेवणं आणि त्याचे पैसे फिरवणं हे वेगळं काम आहे, ते कुणी शिकवत नाही.

पहिली पायरी: सुरुवात लेबर रेटवर करा

पहिली एक-दोन कामं माल कंपनीचा, मजुरी आपली, अशी घ्या. नफा कमी दिसतो, पण उधारीचा फास नसतो. आणि फुकटात एक शिक्षण मिळतं: किती माल आला, किती लागला, किती वाया गेला याची वही ठेवायची सवय. कंपनीचा स्टोअरकीपर शेवटी हिशेब मागतोच.

ही वही पुढे सोन्याची ठरते. उदाहरण घ्या. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर. त्यावर ५० मिलिमीटर रॉकवूल चढवलं की व्यास होतो २१४.३, म्हणजे घेर साधारण ६७ सेंटिमीटर. शंभर मीटर लाइनचं बिल ६७ चौरस मीटरचं होईल. त्यावर क्लॅडिंग म्हणून चढवायचा अॅल्युमिनियमचा पत्रा मात्र ६७ चौरस मीटर आणून भागत नाही. लांबीच्या आणि गोलाईच्या जोडावर ओव्हरलॅप जातो, बेंडच्या पाकळ्या कापताना तुकडे पडतात. माझ्या वहीप्रमाणे अशा लाइनला ७५ ते ७८ चौरस मीटर लागतो. ज्याला हा फरक माहीत नाही तो एक तर पुरवठादाराकडे तीन-तीनदा तुटपुंजी मागणी लावतो आणि दर खेपेला गाडीभाडं भरतो, नाही तर स्वतःच्या खिशातून पत्रा घालतो. फिटिंग्जचं मोजमाप कसं धरायचं ते आयएस १४१६४ या भारतीय मानकात दिलेलं आहे. कामाच्या ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेख आहे का बघा आणि नसेल तर सुरुवातीलाच घालून घ्या.

दुसरी पायरी: चौकशी अशी करा की समोरच्याला प्रश्न उरू नये

"रॉकवूलचा काय भाव चाललाय?" असा फोन केला की पुरवठादार ओळखतो, गडी नवा आहे. तो सगळ्यात हलक्या मालाचा भाव सांगतो, तुम्ही तोच धरून टेंडर भरता आणि पुढे तोंड पोळतं.

चौकशी लेखी करा, व्हॉट्सअॅपवर केली तरी चालेल. अशी: "एलआरबी मॅट्रेस, आयएस ८१८३ प्रमाणे, डेन्सिटी १२८, जाडी ५० मिमी, एका बाजूला जीआय जाळी, ४०० चौरस मीटर, बॅचसह टीसी, डिलिव्हरी साइटवर, लागणारी तारीख अमुक." (एलआरबी म्हणजे थोडी राळ घालून बांधलेलं रॉकवूल, डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, टीसी म्हणजे मालाच्या चाचणीचं प्रमाणपत्र.) इतकं लिहिलं की भाव एकाच गोष्टीचा येतो आणि दोन पुरवठादारांची तुलना करता येते.

काही गोष्टी नवखा हमखास विसरतो. पाइप स्टेनलेस स्टीलचा असेल तर मालातल्या क्लोराइडचं प्रमाण टीसीवर लागतं, कारण ओलाव्यात विरघळलेलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला चिरा पाडतं. औषधांच्या कंपन्यांत यावरून माल परत जातो. थंड पाण्याच्या लाइनला नायट्राइल रबर असेल तर सोबतच्या अॅडेसिव्हची, म्हणजे ते चिकटवायच्या द्रावणाची, उत्पादन तारीख विचारा, जुना डबा दाटून बसतो. पॉलियुरेथेनची रसायनं ड्रममध्ये घेत असाल तर सील तपासा. आयसोसायनेटला दमट हवा लागली की ते बिघडायला लागतं, कोकणात तर लवकरच. आणि टेंडरमध्ये 'मंजूर मेक'ची यादी असते, तिच्या बाहेरचा माल कितीही चांगला असला तरी इन्स्पेक्टर तो उतरवू देत नाही. यादीतला माल देतो म्हणणाऱ्याकडून त्या कंपनीचं अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र घ्या.

तिसरी पायरी: कुणाकडून घ्यायचं

माल तीन दारांतून येतो. थेट उत्पादक, त्याचा अधिकृत डीलर आणि दुकानदार. उत्पादक नव्या माणसाला उधारी देत नाही, आणि एखाद-दुसऱ्या टेम्पोसाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थही नाही. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात दुकानदाराकडे चार रोल, दोन डबे, एक पेटी स्क्रू असं सुटं मिळतं. भाव चढा असतो, पण अडल्या वेळी तोच कामाला येतो. तुमचा खरा माणूस म्हणजे मधला, म्हणजे डीलर. त्याच्याकडे साठा असतो, तो थोडी उधारी देतो, आणि उत्पादकाच्या विक्री अधिकाऱ्याकडून मोठ्या कामासाठी खास प्रोजेक्ट रेट आणून देऊ शकतो.

प्रत्येक मुख्य मालासाठी दोन पुरवठादार ठेवा. एकच ठेवलात तर तो आजारी पडला की तुम्ही आजारी. पाच ठेवलेत तर कुणाच्याच वहीत तुमचं नाव वरच्या पानावर येत नाही. मी खरेदी साधारण ७०-३० अशी वाटतो आणि दोघांनाही ते माहीत आहे.

एक पथ्य मात्र पाळा. एकाचा भाव दुसऱ्याला दाखवू नका. "तो तर इतक्याला देतोय" असं म्हणून कोटेशनचा फोटो पाठवला की त्या दिवशी दोन रुपये सुटतात. पण हा बाजार लहान आहे, संध्याकाळपर्यंत ते पहिल्याला कळतं. नंतर दोघंही तुम्हाला भाव देताना आधी तीन रुपये चढवून ठेवतात.

चौथी पायरी: भाव कशाचा, कुठपर्यंतचा आणि किती दिवसांचा

इन्सुलेशनचा माल वजनानं हलका, आकारानं मोठा. रॉकवूलच्या गोण्या किंवा रबराचे रोल भरले की गाडी वजनाआधी जागेनं भरते. त्यामुळे भाडं हा मोठा खर्च असतो आणि अर्धी गाडी म्हणजे दुप्पट भाडं. भाव 'गोडाऊन पोच' की 'साइट पोच', हमाली कुणाची, हे आधी लिहून घ्या. शक्य असेल तिथे रॉकवूल, जाळी, पत्रा एकाच खेपेत बसवा.

अॅल्युमिनियमचं वेगळं आहे. त्याचा भाव किलोवर असतो आणि तो रोज हलतो. टेंडर तुम्ही ९० दिवसांच्या वैधतेनं भरलेलं असतं, पुरवठादाराचं कोटेशन असतं सात दिवसांचं. मधल्या फरकाचा मार तुमच्यावर. ऑर्डर हातात पडली की त्याच आठवड्यात पत्र्याचा भाव बांधून घ्या, बयाणा द्यावा लागला तरी द्या. रॉकवूलचं थांबलं तरी चालेल, पत्र्याचं थांबवू नका.

पत्र्यातली दुसरी मेख गेजची. २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५६, २६ म्हणजे ०.४६. अॅल्युमिनियमची घनता धरली तर २४ गेजचा एक चौरस मीटर सुमारे दीड किलो भरतो आणि २२ चा सुमारे १.९ किलो. किलोवर खरेदी करताना पातळ पत्रा आला तर तुमचे पैसे जात नाहीत, उलट चौरस मीटर जास्त मिळतात आणि म्हणूनच तिकडे लक्ष जात नाही. ते जातं इन्स्पेक्टरचं. तो मायक्रोमीटर लावतो आणि बसवलेलं क्लॅडिंग उतरवायला सांगतो. गेज बोलू नका, मिलिमीटर लिहा.

पाचवी पायरी: उधारी

इथं जरा थांबून वाचा, कारण फर्म बुडतात त्या इथं.

समजा दहा लाखांचं काम आहे. त्यात माल सहा लाखांचा, जीएसटी धरून ७ लाख ८ हजार. पुरवठादाराची उधारी ३० दिवस. काम संपायला महिना, बिल मंजूर होऊन पैसे यायला आणखी दोन महिने. म्हणजे पुरवठादाराची तारीख उलटल्यावर दोन महिने ते सात लाख कुठून तरी आणायचे आहेत. वर तुमच्या बिलातून टीडीएस कापला जाणार आणि पाच-दहा टक्के रक्कम हमी म्हणून वर्षभर अडकणार. मजूर तर दर शनिवारी पगार मागणारच. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय काम घेऊ नका. "आम्हाला मिळाले की तुम्हाला देतो" हा करार पुरवठादार कधीच करत नाही. तो हसून ऐकून घेतो, एवढंच.

रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारा. रोखीला २ टक्के सूट आणि उधारी ३० दिवसांची असेल, तर उधारी घेऊन तुम्ही वर्षाला जवळपास २४ टक्के व्याज भरताय. बँकेचं कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी मिळत असेल तर तिथून उचलून रोखीनं माल घ्या. नव्या माणसाला कॅश क्रेडिट लवकर मिळत नाही, हे खरं. पण जिथं मिळेल तिथं हा हिशेब करा.

उधारी मागताना मर्यादाही स्वतःच सांगा. "पहिली दोन बिलं रोखीनं, मग तीन लाखांपर्यंत ३० दिवस" असं तुम्हीच म्हणालात तर समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. तारणापोटी कोरा चेक मागितला जातो, सर्रास मागतात. द्यायचा झाला तर हा चेक कशासाठी दिला याचं पत्र सोबत द्या, पोच घ्या, चेकचा फोटो ठेवा. चेक वटला नाही तर नोटीस येते, नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला भरता येतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचा चेक देणं यासाठीच वाईट.

कायद्याच्या दोन-तीन बाबी सीएकडून समजून घ्या. पुरवठादार स्वतः उत्पादक असेल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून त्याची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, तिला बाजारात '४३ बी एच' म्हणतात. मुदत टळलेली अशी रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरली जाते. निव्वळ व्यापारी असलेल्या डीलरला हे लागू नाही, त्यामुळे प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्र मागून ठेवा. तुमची स्वतःची नोंदणीही करा, ती फुकट होते. मात्र ठेक्याच्या कामाला या कायद्याचं संरक्षण मिळतं का यावर न्यायालयांत बरेच वाद झालेत, तेव्हा कंपनीकडून पैसे वसूल करायला त्याच्या भरवशावर राहू नका.

जीएसटीचं एकच सांगतो. पुरवठादारानं त्याचा रिटर्न भरला नाही तर जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी विवरणात क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर ते उघडून बघा आणि बिल नसेल तर लगेच फोन करा. आणि तुम्ही १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

सहावी पायरी: गाडी आली, आता काय

गाडी आली की आधी माल उतरवायची घाई करू नका. ताडपत्री बघा. जुलैत कोकणात लोट्याला आमची एक गाडी आली होती, वरच्या थरातल्या गोण्या कोरड्या, खालच्या दोन ओळी ओल्याचिंब. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सुकतंय ना ते." रॉकवूल वरून सुकल्यासारखं दिसतं, आतला ओलावा तसाच राहतो, आणि पाइपवर क्लॅडिंगखाली गेला की बाहेरून काही न दिसता पाइप गंजत राहतो. मी ओल्या गोण्यांचे गाडीतच फोटो काढले, चलनावर "२२ गोण्या ओल्या, नाकारल्या" असं लिहून ड्रायव्हरची सही घेतली आणि फोटो पुरवठादाराला तिथूनच पाठवले. चौथ्या दिवशी बदली माल आला. तेच मी आधी सही करून, उतरवून, दुसऱ्या दिवशी फोन केला असता तर "तुमच्याकडे पावसात भिजला असेल" हे उत्तर ठरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्या जागी तेच म्हणालो असतो.

डेन्सिटी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. टांगायचा काटा साइटवर ठेवा. एक मॅट्रेस काढा, जाळी सोडवा, लांबी-रुंदी-जाडी मोजा आणि काट्याला लावा. दोन मीटर बाय एक मीटर, ५० मिलिमीटर जाडीचा तुकडा म्हणजे ०.१ घनमीटर. १२८ ची डेन्सिटी असेल तर तो १२.८ किलो भरायला हवा. साडेअकरा भरला तर दुसरा काढा, तिसरा काढा. तिन्ही कमी भरले तर आकडे लिहून पाठवा. फक्त माल कोरडा आहे याची खात्री करा, ओली मॅट्रेस डेन्सिटीच्या परीक्षेत फार छान पास होते. गोणीवरचा बॅच नंबर आणि टीसीवरचा बॅच नंबर जुळतोय का, हेही तेव्हाच बघा. महिन्यानं इन्स्पेक्टरनं टीसी मागितल्यावर पुरवठादाराकडे धावू नका, तेव्हा तो भलत्याच बॅचचा कागद पाठवतो आणि तुम्ही दोघंही अडकता.

माल साइटवर पाठवताना बिल तुमच्या पत्त्यावर आणि पोच कंपनीच्या गेटवर असेल तर बिलावर दोन्ही पत्ते हवेत. ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद) कुणी काढायचं ते आधी ठरवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ते लागतं, राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला पन्नास हजारांवर.

सातवी पायरी: तारीख चुकणार असेल तेव्हा

चुकणारच. साखर कारखान्याचं बिल वेळेवर निघालं असं मला तरी फारसं आठवत नाही. अशा वेळी फोन बंद ठेवू नका. तारखेच्या आदल्या दिवशी तुम्हीच फोन करा, कारण सांगा, नवी तारीख द्या आणि काही तरी रक्कम टाका. "शेठ, साडेतीनपैकी एक लाख आज टाकतो, उरलेले पंचवीस तारखेला." नवी तारीख देताना उत्साहात परवाची देऊ नका, लांबची पण खरी द्या. दोनदा तारीख बदलली की तिसऱ्यांदा माल रोखीनंच मिळतो.

तक्रार आणि पेमेंट यांची गल्लतही करू नका. एका गाडीचा माल वादात असेल तर तेवढीच रक्कम रोखा आणि तसं लिहून कळवा, बाकीची बिलं ठरल्या तारखेला द्या. मालात खोट काढून सगळंच पेमेंट अडवणारे ठेकेदार पुरवठादारांना चांगले माहीत असतात. त्यांना सुरुवातीलाच चढा भाव लागतो.

काम संपल्यावर

उरलेला माल परत घेणार का, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा. न फोडलेल्या गोण्या आणि अख्खे रोल बरेच डीलर थोडी कपात करून घेतात, कापलेला पत्रा कुणी घेत नाही. पत्र्याचे तुकडे भंगारात जातात. त्यांचं वजन करून वहीत लिहा, पुढच्या कामाला किती टक्के वाया धरायचं ते त्यावरून कळतं. परत दिलेल्या मालाची क्रेडिट नोट आल्याशिवाय तो परत गेला असं समजू नका. माझ्या एका खात्यात सहा रोल वर्षभर 'परत' होते आणि शेठच्या खात्यात ते माझ्याकडेच होते.

म्हणून लेजर दर तीन महिन्यांनी मागवा. त्यांचं छापलेलं पान आणि तुमची वही शेजारी ठेवून पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत जा. फरक निघतोच: कधी हमालीचे बाराशे, कधी दोनदा लावलेलं भाडं, कधी आपणच टाकायला विसरलेलं एनईएफटी. तीन महिन्यांपूर्वीचा फरक दोन फोनमध्ये मिटतो. मार्चअखेर बसलात तर त्या चलनावर सही करणारा पोरगा नोकरी सोडून गेलेला असतो.